परत पाठवलेल्यांचा आकडा

प्रति,
मा. अर्थमंत्री, महाराष्ट्र राज्य
आणि
राज्यस्तरीय बँकर्स समितीचे सर्व सदस्य

स. न. वि. वि.

लालबागच्या मिरची गल्लीत फेब्रुवारी संपता संपता ठसका सुरू होतो. पोत्यांची तोंडं उघडतात, ब्याडगी, संकेश्वरी, काश्मिरी, लवंगी असे ढीग लागतात आणि मसाला कुटायची यंत्रं, म्हणजे डंक, सकाळपासून धडधडायला लागतात. एप्रिल-मेमध्ये तर अर्धी मुंबई तिथे मसाला कुटून घ्यायला उतरते. आमच्या चाळीत या गल्लीचं एक साधं गणित आहे. मिरची गर्दीच्या आधी घ्यायची, कडक उन्हात वाळवायची आणि पाऊस यायच्या आत मसाला बरणीत गेलेला असायचा. जूनमध्ये हातात पैसा आला तर त्याचा मसाला होत नाही, फार तर छत्री होते.

आमच्या मजल्यावरच्या एक वहिनी गेली काही वर्षं मालवणी आणि गोडा मसाला करून विकतात. नाव लिहीत नाही, त्यांना आवडणार नाही. सुरुवात शेजारपाजारच्या दोन-दोन किलोंवर झाली. आता ठाणे-डोंबिवलीपर्यंत बांधलेली गिऱ्हाइकं आहेत आणि दोन खानावळवालेही त्यांच्याकडूनच घेतात. धने कढईत कोणत्या रंगावर काढायचे, दगडफूल किती झालं की कडवटपणा येतो, हे त्यांना कोणत्याही प्रशिक्षण वर्गात शिकवायची गरज नाही. त्यांची गरज एवढीच होती की फेब्रुवारीत दीड लाख रुपये हातात यावेत. जूनपर्यंत ते सुटतात, दरवर्षी सुटतात. वही आहे त्यांच्याकडे, तारीखवार.

दोन वर्षांपूर्वी डिसेंबरात त्या जवळच्या एका बँकेच्या शाखेत गेल्या. नवीन साहेब जानेवारीत येणार आहेत, तेव्हा या, असं सांगण्यात आलं. जानेवारीत नवीन साहेब आले होते. त्यांनी मशिनचं कोटेशन आणायला सांगितलं. वहिनी म्हणाल्या, मशिन नको, डंक गल्लीत आहेत, मला मिरची घ्यायचीय. साहेब हसून म्हणाले, "मिरचीवर कसं कर्ज देणार ताई, ती तर संपून जाते." मग गुमास्ता, म्हणजे दुकानाचा परवाना, मागितला. मग लाइट बिल पाहिलं, ते सासऱ्यांच्या नावावर आणि सासरे जाऊन अकरा वर्षं झालेली. खोली पागडीची. मग "सिबिल बघून कळवतो", म्हणजे आधीच्या कर्जफेडीचा पतगुण. फेब्रुवारी गेला. वहिनींनी पाटल्या गहाण ठेवल्या, उरलेले रोजच्या वसुलीवाल्याकडून उचलले आणि मिरची घेतली.

आणि मार्चच्या २८ तारखेला शाखेतून फोन आला. "ताई, आजच्या आज या, आधार-पॅन घेऊन या, ५० हजार करून टाकतो." गुमास्ता नको, लाइट बिल नको, कोटेशनही नको. जे तीन महिने अशक्य होतं ते अर्ध्या तासात झालं, कारण आता शाखेला मार्च एंडचा आकडा पुरा करायचा होता. एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात पैसे खात्यात पडले आणि त्याच दिवशी वसुलीवाल्याकडे गेले.

तुमच्या अहवालात ही एक महिला लाभार्थी आहे. मुद्रा योजना, शिशू म्हणजे सगळ्यात छोट्या कर्जांचा गट, ५०,००० रुपये, वाटप पूर्ण.

हे पत्र मी लिहितोय याचं कारण वहिनींपेक्षा मी स्वतः आहे. मी एका सरकारी बँकेत ३३ वर्षं काढली. कारकून म्हणून चिकटलो, अधिकारी म्हणून निवृत्त झालो, शेवटची नऊ वर्षं कर्ज विभागात होतो. "नवीन साहेब जानेवारीत येणार" हे वाक्य मी स्वतः किती वेळा वापरलंय याची मोजदाद नाही. आमच्याकडे अशी वाक्यं तयार असायची. "फॉर्म संपलेत." "तुमचं घर कुठल्या शाखेच्या हद्दीत येतं ते बघा." "आधी खातं उघडा, सहा महिने चालवा, मग बोलू." यातलं एकही वाक्य नकार नाही. कर्ज नाकारलं असं आम्ही कधीच म्हणालो नाही. माणूस आपसूक यायचा बंद व्हायचा, तीच आमची पद्धत.

आता निवृत्तीनंतर दर शनिवारी संध्याकाळी मंडळाच्या खोलीत बसतो. गणपतीचे पाट, सतरंज्या आणि जुने बॅनर यांच्यामध्ये एक टेबल आहे. तिथे लोकांचे कर्जाचे अर्ज लिहून देतो. पूर्वी टेबलाच्या त्या बाजूला होतो, आता या बाजूला. इथून वेगळंच दिसतं.

सरकारने पैसा ठेवला नाही, असं मी म्हणणार नाही. उलट इतका पैसा या वाटेला पूर्वी कधी आला नव्हता. मुद्रा योजना ८ एप्रिल २०१५ला आली. शिशूला ५० हजार, किशोरला ५ लाख, तरुणला १० लाख, आणि २०२४च्या अर्थसंकल्पापासून तरुणचं कर्ज नीट फेडलेल्याला २० लाखांपर्यंत. पहिल्या दहा वर्षांत ५२ कोटींच्या वर कर्जं आणि ३२ लाख कोटींच्या वर रक्कम, असं सरकारच सांगतं. भागाकार करा, सरासरी साठ-बासष्ट हजार येते. तारणाशिवायच्या कर्जाला हमी देणारा सीजीटीएमएसई हा न्यास केंद्र सरकार आणि सिडबी या लघुउद्योगांच्या बँकेने २०००मध्ये काढला, त्यात २०२३-२४च्या अर्थसंकल्पात ९,००० कोटी घातले. हमीची मर्यादा २ कोटींवरून ५ कोटी झाली, पुढे १० कोटींची घोषणा झाली. फेरीवाल्यांसाठी २०२०मध्ये पीएम स्वनिधी आली, आता ती मार्च २०३०पर्यंत वाढवलीय आणि पहिला हप्ता १० हजारांऐवजी १५ हजारांचा केलाय. कारागिरांसाठी २०२३पासून पीएम विश्वकर्मा, ५ टक्के व्याजाने. राज्याचा मुख्यमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रम २०१९पासून आहे. शिवाय अण्णासाहेब पाटील महामंडळाचा व्याज परतावा, महात्मा फुले महामंडळ, इतर मागासवर्गीयांचं महामंडळ. एवढी नावं एका दमात लिहिली तरी चार-पाच राहिलीच असतील.

पण योजना कुठलीही असो, शेवटी सगळ्यांना एकाच खिडकीत जावं लागतं. महामंडळ व्याज परत देईल, पण आधी बँकेने कर्ज दिलं पाहिजे. राज्य अनुदान देईल, पण आधी बँकेने प्रस्ताव उचलला पाहिजे. त्यातही अनुदान हातात येत नाही, ते बँकेत ठेव म्हणून अडकून राहतं आणि काही वर्षांनी कर्जात वळतं होतं. हे सांगितलं की मंडळाच्या खोलीतली निम्मी पोरं उठून जातात, कारण त्यांना कुणा एजंटाने "३५ टक्के माफ" असं सांगितलेलं असतं. मुंबईत सर्वसाधारण गटाला अनुदान मुळात १५च टक्के आहे, हे तर आणखी पुढचं.

त्या खिडकीत बसलेल्या माणसाची बाजू मी सांगतो, कारण ती तुम्हाला कुणी सांगत नाही. लाखभराच्या कर्जाला जेवढे कागद लागतात, जवळजवळ तेवढेच ५० लाखांच्या कर्जाला लागतात. ओळखपत्रं तपासा, सिबिल काढा, जागेवर जाऊन या, टिपण लिहा, करारावर सह्या घ्या, संगणकात भरा, मग दर महिन्याला हप्ता आला का बघा. लाखावर बँकेला वर्षाकाठी सुटून सुटून तीन-चार हजार मिळत असतील. त्यात अधिकाऱ्याचा अर्धा दिवसही नीट भरून निघत नाही. त्याच अधिकाऱ्याच्या डोक्यावर गृहकर्जाचं, सोनेतारणाचं आणि विम्याचं टार्गेट असतं. आणि खातं बुडलं तर सरकारी हमी बँकेचं नुकसान भरून काढते, त्या अधिकाऱ्याचं नाही. त्याला खुलासा लिहावा लागतो, बढती अडते, निवृत्तीच्या तोंडावर जुनी फाइल उघडते. माझ्या एका सहकाऱ्याने निवृत्तीआधीचे आठ महिने एका लेथ मशिनवाल्याच्या चार लाखांचे खुलासे लिहिण्यात घालवले. त्याने एक पैसा खाल्ला नव्हता. ते बघितल्यावर आमच्या शाखेतल्या कुणी लेथ मशिनला कर्ज दिल्याचं मला तरी आठवत नाही.

अर्जदार सगळे सज्जन असतात असंही नाही. दुकानदाराशी संगनमत करून खोटं कोटेशन आणणारे, मशिन घेतल्याचं दाखवून रोख रक्कम परत घेणारे मी पाहिलेत. मुद्राच्या पैशात लग्नाचा हॉल बुक झालेला पाहिलाय. पण खोटं कोटेशन आणणारा माणूस तीन महिने खेटे घालत बसत नाही. त्याच्याकडे एजंट असतो, त्याची फाइल कशी चोख असते. खेटे घालून दमतो तो खरा धंदेवाला, कारण त्याला दुपारी दुकान उघडायचं असतं.

तेव्हा हमीच्या निधीत आणखी हजार-दोन हजार कोटी घातले तर काय होईल, ते मी सांगू शकतो. दोन कोटींचं कर्ज ज्याला मिळतच होतं त्याला पाच कोटींचं मिळेल. वहिनींचं डिसेंबरातलं उत्तर बदलणार नाही. बुडीत भरून देण्याची सोय तुम्ही केलीत, बाई दारात आल्यावर तिच्याशी वीस मिनिटं बोलायची सोय कुणी केलेली नाही.

आता मुद्द्यावर येतो. नियम चांगले आहेत, मी ते पाठ केलेत. रिझर्व्ह बँक म्हणते, सूक्ष्म आणि लघुउद्योगांच्या ठरावीक मर्यादेपर्यंतच्या कर्जाला तारण मागू नका. अर्ज आला की पोच द्या, अर्जावर आणि पोचपावतीवर एकच अनुक्रमांक टाका. २५ लाखांपर्यंतच्या अर्जावर १४ कामकाजाच्या दिवसांत निर्णय करा. छोटं कर्ज नाकारलं तर कारण लेखी कळवा. पहिल्यांदाच कर्ज घेणाऱ्याचा अर्ज केवळ पतइतिहास नाही म्हणून परत करू नका. मुद्राखाली खेळत्या भांडवलालाही कर्ज देता येतं, म्हणजे मिरचीला देता येतं, हे त्या हसणाऱ्या साहेबांनाही ठाऊक असणार. गुमास्त्याचं तर काय सांगावं! महाराष्ट्राचा दुकाने आणि आस्थापना कायदा २०१७मध्ये नवा झाला, मोजकी माणसं असलेल्या छोट्या आस्थापनेला आता नोंदणीची सक्ती नाही, नुसती सूचना ऑनलाइन द्यायची. शाखेतला शिपाईसुद्धा अजून "गुमास्ता लायसन आणा" म्हणतो.

हे सगळे नियम अर्ज घेतल्यानंतरचे आहेत. अनुक्रमांक अर्जावर पडतो. १४ दिवस अर्जाच्या तारखेपासून मोजतात. लेखी कारण नाकारलेल्या अर्जाचं द्यायचं असतं. अर्ज घेतलाच नाही तर? मग अनुक्रमांक नाही, तारीख नाही, घड्याळ सुरूच होत नाही. बँकेने काहीही नाकारलेलं नाही, बाई फक्त येऊन गेली. तुमच्या समितीच्या तिमाही बैठकीत किती अर्ज आले, किती मंजूर, किती नामंजूर, किती प्रलंबित असे रकाने असतात. वहिनी डिसेंबर ते मार्च यातल्या एकाही रकान्यात नव्हत्या. कर्जाचे अर्ज ऑनलाइन घेणारं सरकारचं जनसमर्थ पोर्टल आलं तेव्हा वाटलं होतं की आता तारीख पडेल. तारीख पडते, पण "तत्त्वतः मंजुरी" घेऊन माणूस शेवटी त्याच खिडकीत येतो आणि खिडकी म्हणते, ऑनलाइनचं ऑनलाइन, कागद घेऊन या.

म्हणून मी एक वही घातलीय. माझ्या टेबलावर येणाऱ्या प्रत्येकाला शाखेत काय सांगितलं ते त्याच्याच शब्दांत उतरवून ठेवतो. त्यातल्या काही नोंदी जशाच्या तशा:

"साहेब रजेवर. सोमवारी या. सोमवारी साहेब मीटिंगला." — शाळेचे गणवेश शिवणाऱ्या बाई, मे महिना.

"खोली भाड्याची आहे, उद्या तुम्ही पळून गेलात तर?" — कंदिलाचे सांगाडे करणारा, जन्म याच गल्लीतला.

"चाळ रिडेव्हलपमेंटला गेलीय, ट्रान्झिटचा पत्ता चालत नाही." — घरून जेवणाचे डबे देणारं जोडपं.

"पाच हजारांचा विमा काढा, मग फाइल पुढे ढकलतो." — झेरॉक्सवाला. (काढला. फाइल ढकलली नाही.)

"इतकं छोटं कर्ज आमच्याकडे होत नाही." — चप्पल दुरुस्तीवाले काका. याच काकांना दुसऱ्या शाखेने "इतकं मोठं होत नाही" सांगितलं. रक्कम तीच, ७० हजार.

काकांनी हे सांगितलं तेव्हा आम्ही दोघंही हसलो होतो. नंतर ते गप्प बसले आणि म्हणाले, "सरळ नाही म्हणाले असते तर चाललं असतं हो, मी भिशीतून काढले असते तेव्हाच." मला वाटतं सगळ्या पत्राचा गाभा काकांच्या या वाक्यात आहे. धंदेवाल्याला "नाही" परवडतं, "बघू" परवडत नाही. "बघू"च्या भरवशावर हंगाम निघून जातो.

आणि "बघू" न म्हणणारा एकच माणूस आमच्या भागात फिरतो, तो रोजच्या वसुलीवाला. दहा हजारांचा कागद करतो, हातात नऊ हजार देतो आणि रोज शंभर रुपये असे शंभर दिवस घेऊन जातो. बायका म्हणतात, हजारच तर जास्त जातात. मी कॅल्क्युलेटर घेऊन हिशेब करून दाखवतो, कारण रोज मुद्दल कमी होत जातं, वर्षाचा दर ७५ टक्क्यांच्या वर पडतो. ऐकून घेतात आणि पुन्हा त्याच्याचकडे जातात. बरोबरच आहे. तो दहा मिनिटांत देतो, मिरची गल्लीच्या तोंडाशी येऊन देतो, आणि मिरची संपून जाते हे त्याला चालतं.

याच गिरणगावात हे एकदा वेगळ्या तऱ्हेने झालेलं आहे. गिरण्या चालू होत्या तेव्हा कोकणातून आणि घाटावरून आलेले एकटे कामगार गाळ्यांत राहायचे आणि खाणावळवाल्या बायकांकडे जेवायचे. त्या बायका पगाराच्या तारखेपर्यंत किराणा उधारीवर आणायच्या, सावकाराचं व्याज भरायच्या. १९६९मध्ये १४ बँकांचं राष्ट्रीयीकरण झालं, पण म्हणून खाणावळवाली बँकेत गेली नाही. प्रेमाताई पुरव यांनी १९७५मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं, बायकांचे गट बांधले आणि राष्ट्रीयीकृत बँकेचं कर्ज त्यांच्या हातात पडेल असं केलं. त्या वेळी गरिबांसाठी ४ टक्के व्याजाची योजना सरकारने आणलेलीच होती, म्हणजे पैसा तेव्हाही होता. बाईबरोबर काउंटरपर्यंत जाणारं आणि बँकेला "ही फेडेल" असं सांगणारं कुणी नव्हतं, ते प्रेमाताईंच्या मंडळाने केलं. ऐंशीच्या दशकात सरकारने कर्ज मेळावे भरवले, मंडप घातले, हार घातले आणि कर्जं वाटली. त्यातली वसुली करायला मी नोकरीला लागल्या लागल्या फिरलोय, पत्त्यावर माणूस नाही, माणूस असला तर म्हशी नाहीत. मेळाव्यातही फक्त वाटप मोजलं होतं. कोण धंदा करणार आहे आणि कोण मंडप बघून आलाय, हे विचारायला कुणाला वेळ नव्हता.

मागणी करायची तर फार मोठी करत नाही. प्रत्येक शाखेत टोकनचं मशिन असतं. रोख भरण्याचं बटण असतं, पासबुकाचं असतं. त्यावर "धंद्यासाठी कर्ज" असं आणखी एक बटण घाला. माणूस आला, त्याने बटण दाबलं, चिठ्ठी निघाली. त्या चिठ्ठीचा नंबर हीच पहिली नोंद, अर्ज घेतला असो वा नसो. त्याला परत पाठवताना अधिकाऱ्याने संगणकावर कारण निवडायचं आणि ते माणसाच्या मोबाइलवर मराठीत जाऊ द्यायचं. "साहेब रजेवर" हे कारण असेल तर तेही जाऊ द्या, लाजण्यासारखं काही नाही, साहेबांनाही रजा असते. तिमाहीच्या शेवटी शाखेगणिक आकडा लावा. इतके आले, इतक्यांचा अर्ज घेतला, इतके परत गेले, या कारणांनी. शाखेला नावं ठेवण्यासाठी नको. आमच्या वेळी ज्या गोष्टीचा आकडा वर जायचा तेवढीच आम्ही मनावर घ्यायचो, बाकी सगळं "बघू", एवढा माझा अनुभव आहे.

दुसरं, अर्थमंत्री महोदय, हे खास तुमच्यासाठी. या योजनांवर जो खर्च राज्य करतं, त्यातला थोडा हिस्सा माणसांवर करा. ग्रामीण भागात उमेद अभियानात बचत गटांच्या मदतीला शाखेत बँक सखी बसते. लालबाग-परळच्या शाखांमध्ये छोट्या धंद्यांसाठी तशी कुणी बसलेली मला दिसली नाही. वस्तीतलीच एखादी बी.कॉम. झालेली मुलगी घ्या, तिला महिना पगार द्या, कमिशन नको. तिने मसालावालीची वही वाचायची, हंगाम कधीचा ते लिहायचं, दोन पानांचं टिपण अधिकाऱ्यापुढे ठेवायचं. अधिकाऱ्याचा अर्धा दिवस वाचला की त्याची "नवीन साहेब जानेवारीत" ही भाषा निम्मी तरी कमी होईल. आणि नीट तपास करून दिलेलं छोटं कर्ज बुडालं, तर त्याच्यामागे चौकशीचा ससेमिरा लावू नका. हे बँकांच्या वरिष्ठांनी लेखी कळवायला हवं, भाषणात नको.

हंगामाबद्दल मी खूप लिहू शकतो, पण थोडक्यात सांगतो. मुंबईतला छोटा धंदा कॅलेंडरवर चालतो. गणपतीच्या कारखान्यांना माती आणि रंगाला पैसे उन्हाळ्यात लागतात, गणवेशवालीला मेमध्ये, फराळवालीला दसऱ्याच्या आधी. यांना पाच वर्षांच्या हप्त्याचं कर्ज नको असतं, उचल-भरणा करता येईल अशी मर्यादा हवी असते. २०२५च्या अर्थसंकल्पात उद्यम नोंदणी असलेल्या सूक्ष्म उद्योगांना ५ लाखांपर्यंतचं क्रेडिट कार्ड जाहीर झालं, ती गोष्ट नेमकी याच कामाची आहे. ती आमच्या गल्लीत पोचवायचा खटाटोप समितीने करावा, आणि मार्चच्या २८ तारखेला करू नये.

वहिनींच्या पाटल्या गेल्या दिवाळीला सुटल्या. ५० हजारांचं कर्ज त्यांनी एकही हप्ता न चुकवता फेडलं, त्यामुळे आता त्यांचं सिबिल माझ्यापेक्षा चांगलं आहे, असं त्या मला ऐकवतात. पुढच्या हंगामासाठी दीड लाखांचा अर्ज आम्ही लिहून तयार ठेवलाय, सोबत तीन वर्षांच्या वहीच्या झेरॉक्स आहेत, लाइट बिल अजून सासऱ्यांच्याच नावावर आहे. डिसेंबरच्या पहिल्या सोमवारी शाखेत जाणार आहोत. तुमच्यापैकी कुणाला यायचं असेल तर सकाळी दहाला भारतमाता थिएटरच्या बस थांब्यावर भेटू. सरकारी गाडी आणि ओळखपत्र आणू नका, नाहीतर साहेब त्या दिवशी रजेवर नसतील.

कळावे,
आपला,
लालबागचा एक निवृत्त बँक अधिकारी